तीन स्क्रूंची सूट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि परवाना विभागाचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले कायदा शाखेचे प्रमुख, वायरमन संघटनेचे अध्यक्ष, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे टेस्टरसाहेब, पहिल्या रांगेत बसून साहेबांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघणाऱ्या वहिनी, कार्यालयातले सगळे कर्मचारी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे नळवाले, पंपवाले, फ्रिजवाले भाऊबंद, सर्वांना माझा नमस्कार.

मागे उभे आहेत त्यांना आधी सांगते, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. या कार्यालयात इतकी वर्षं तुम्ही उभेच राहिलात, आज तरी बसून घ्या.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अर्जदारांच्या वतीने दोन शब्द’ असं छापलंय आणि वेळ दिलाय पाच मिनिटांचा. दोन शब्दांना पाच मिनिटं म्हणजे भरपूर झाली. पण मी आठ वर्षं अर्ज करतेय, तेव्हा थोडं पुढेमागे झालं तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांचा वक्तशीरपणा सांगितला, साधेपणा सांगितला, त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. सगळं खरं आहे. मी मात्र नळकाम करणारी बाई. आमच्या धंद्यात भिंत कितीही छान रंगवलेली असली तरी ओल कुठून येतेय तेच आधी बघायचं असतं. म्हणून माझ्या भाषणात कौतुक थोडं कमी आणि तक्रार थोडी जास्त असेल. साहेबांना त्याची सवय आहे.

नवीन मंडळींसाठी सांगते. यांना टेस्टरसाहेब का म्हणतात? इतर अधिकाऱ्यांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर असतो. पेन ते समोरच्याकडून मागून घेतात. माझ्या परवान्यावर आणि माझ्या काकांच्या परवान्यावर जे काही शेरे यांनी मारले, ते सगळे आमच्याच पेनाने मारलेले आहेत.

काका म्हणजे माझे सख्खे काका. वडील लवकर गेले, आणि काकांनी मला शाळेच्या अभ्यासाबरोबर पाना धरायला शिकवलं. ‘पोरीच्या जातीला कशाला हे’ असं जो म्हणे, त्याला काका विचारायचे, ‘तुझ्या घरचा नळ गळतोय तो पोरीच्या जातीला दिसत नाही का?’ पुढे दुकान माझ्या नावावर झालं. काका शेवटपर्यंत त्याच दुकानात स्टुलावर बसून वॉशर निवडत असत.

आता मुद्द्यावर येते. गीझर बदलायचा म्हणजे काय असतं? जुना काढायचा, नवा टांगायचा, थंड पाण्याचा नळ जोडायचा, गरम पाण्याचा जोडायचा. हे सगळं आमचं काम. पण आमच्याकडे बहुतेक घरांत गीझरला प्लग नसतो. भिंतीतून तीन वायरी येतात आणि थेट गीझरच्या आत तीन स्क्रूंनी आवळलेल्या असतात. ते तीन स्क्रू सोडवणं आणि पुन्हा आवळणं हे विजेचं काम. ते फक्त परवानाधारक वायरमननेच करायचं, असा नियम आहे. नियम जुना आहे, पण तो कुणी पाळत नव्हतं. काकांनी चाळीस वर्षं ते तीन स्क्रू स्वतः सोडवले आणि स्वतः आवळले. तपासायला कुणी आलं नाही, म्हणून नियम आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग टेस्टरसाहेब तपासणी अधिकारी म्हणून या विभागात बदलून आले. एका इमारतीत काकांनी बसवलेला गीझर त्यांनी उघडून पाहिला आणि विचारलं, ‘हे कुणी जोडलं?’ काका म्हणाले, ‘मीच. दुसरा कोण येणार?’ साहेबांनी पेन मागितलं. काकांनी दिलं. नळकामाचा परवाना सहा महिने बंद.

सहा महिन्यांनी परवाना परत मिळाला, पण काका धसका घेऊन बसले. वायरीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि नेमकी त्याच सुमारास वृद्धाश्रमातली ती गोष्ट घडली.

वृद्धाश्रमाचा गीझर फुटला. आम्ही दोघं गेलो, जुना काढला, नवा टांगला, पाणी जोडलं. आधी मेन स्विच बंद करून ज्या वायरमनने जुन्या वायरी सोडवून दिल्या होत्या, तो म्हणाला होता, ‘जोडायला उद्या येतो.’ तो आला नाही. वायरींच्या टोकांना त्यानेच टेप गुंडाळून ठेवली होती. काकांनी पुठ्ठ्यावर ‘वीज जोडलेली नाही’ असं लिहून तो पुठ्ठा गीझरला बांधला. मग मी फोन करत सुटले. पहिला म्हणाला, सोमवारी बघतो. दुसरा म्हणाला, पुढच्या सोमवारी. तिसरा प्रामाणिक होता. तो म्हणाला, ‘ताई, इथे चार मजल्यांचं वायरिंग माझ्या अंगावर आहे. तीन स्क्रूंसाठी शहराच्या त्या टोकाला कोण येईल, तुम्हीच सांगा.’ त्याच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

अकरा दिवस गेले, अध्यक्ष महोदय. सव्वीस म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळीचं पाणी खाली स्वयंपाकघरात पातेल्यांत तापत होतं आणि तिथली मावशी ते बादल्यांतून जिन्याने वर नेत होती. नवव्या दिवशी तिचा पाय घसरला. पाणी उकळतं होतं. गुडघ्यापासून खाली पाय भाजला. चार महिने ती अंथरुणावर होती, आणि आजही जिना चढताना ती एक पायरी थांबते, मग दुसरी चढते.

आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा काका दाराशीच उभे राहिले. तीच त्यांना म्हणाली, ‘तुम्ही काय करणार, तुम्हाला परवानगी नाही ना.’ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिथून मी थेट या कार्यालयात आले. टेस्टरसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही, वहिनी बसल्यात. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं आणि आतून एक जळकी वायर बांधलेला गीझरच्या झाकणाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

‘हा कुणाचा?’ मी विचारलं.

‘एका घरातला. नळवाल्यानेच जोडला होता. अर्थिंगची वायर चुकून फेजच्या, म्हणजे चालू विजेच्या स्क्रूखाली गेली. त्या घरातल्या बाईने ओल्या हाताने नळ धरला,’ साहेब म्हणाले. ‘तिथेही तीनच स्क्रू होते, ताई. पंचनाम्याला मी गेलो होतो. ती अजून नळ धरूनच होती.’

मी खुर्चीवर बसले. या कार्यालयातल्या खुर्चीवर मी बसले ती पहिलीच वेळ.

मग साहेबांनीच विचारलं, ‘तुम्हाला मनाई नको आणि मला मढं नको. मधला रस्ता काढायचा का?’

पंधरा दिवसांत त्यांनी मसुदा लिहिला. पाच अटी. एक, जुनं उपकरण काढून त्याच जागी त्याच क्षमतेचं नवं बसवायचं असेल तरच सूट. नवी वायर ओढायची नाही, मेन बोर्डाच्या जोडणीला हात लावायचा नाही. दोन, आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण. तीन, हाताने काम करून दाखवायची परीक्षा. चार, काम करण्याआधी आणि नंतर ठरलेल्या पद्धतीने तपासणी. पाच, काम झाल्यावर त्याची चिठ्ठी, एक घरमालकाला आणि एक या कार्यालयाला, म्हणजे कुणी काय केलं ते लपणार नाही. गीझरवाले, पाण्याच्या पंपवाले, फ्रिज आणि थंड हवेच्या यंत्रांचे मेकॅनिक, एवढ्यांसाठीच. मसुदा दीड पानाचा होता. साहेबांचं अक्षर चांगलं, म्हणून दीड पान. माझ्या अक्षरात तीन पानं झाली असती.

त्या दीड पानाला आठ वर्षं झाली.

कायदा शाखेचा पहिला शेरा आला: ‘किरकोळ काम’ म्हणजे काय, व्याख्या द्यावी. दिली. सात महिन्यांनी दुसरा शेरा: ‘त्याच जागी’ म्हणजे नेमकं कुठे? गीझर चार बोटं वर टांगला तर ती तीच जागा की दुसरी? आम्ही लिहून दिलं, त्याच भिंतीवर, त्याच वायरीच्या पोहोचेत. मग अधिकारी बदलले. नव्या अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, ‘किरकोळ’ म्हणजे काय? प्रमुख महोदय, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुम्ही तिसरे. तुमचा शेरा वेगळा होता. ‘सदर प्रकरणी तातडी दिसून येत नाही.’ त्याच फाईलला मावशीच्या पायाचा फोटो जोडलेला होता, जोडपत्र चार. फोटो रंगीत होता.

वायरमन संघटनेच्या अध्यक्षांनीही हरकत घेतली. ते म्हणाले, आज तीन स्क्रू सोडाल, उद्या हे लोक अख्खी इमारत मागतील. अध्यक्षसाहेब, तुमची भीती मला कळते. पोट सगळ्यांनाच आहे. पण ज्या तीन स्क्रूंना तुमचा माणूस यायला तयार नाही, ते तीन स्क्रू तुमचे कसे? आम्ही तुमच्या ताटातलं उचलत नाहीये. तुम्ही ज्याला हात लावत नाही, ते वाया जाऊ नये एवढंच म्हणतोय.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली. ‘वेळ झाली.’ बरोबर आहे. पण चिठ्ठीला तीस दिवसांत उत्तर द्यायची या कार्यालयाची पद्धत आहे, तेव्हा मी अजून मुदतीत आहे.

फाईल अशी फिरत असताना टेस्टरसाहेब काय करत होते? ते दर रविवारी सकाळी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत यायचे आणि आम्हाला शिकवायचे. परवानगी नसलेल्या कामाचं प्रशिक्षण. कागदावर त्याला कवडीची किंमत नव्हती. मी म्हटलं, साहेब, सूट मिळाल्यावर शिकवा ना. ते म्हणाले, ‘सूट कधी मिळेल ते माझ्या हातात नाही. तुम्ही उद्या काय चूक कराल ते थोडंफार माझ्या हातात आहे.’

परीक्षेसाठी त्यांनी एक लाकडी फळी बनवली होती. तिच्यावर स्विच, दिवा, वायरी, सगळं खऱ्यासारखं. वीज मात्र अगदी कमी, खेळण्यातल्यासारखी. स्क्रूड्रायव्हरला एक बारीक वायर जोडलेली होती. त्याचं टोक चालू वायरीला लागलं की घंटी वाजायची. घंटी वाजली की तुम्ही मेलात.

काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. ते म्हणाले, मीही बसतो परीक्षेला. आम्ही सगळे हसलो. चाळीस वर्षांचा अनुभव, यांची काय परीक्षा घ्यायची? काका फळीपुढे आले, स्विच बंद केला, दिवा विझला. काकांनी सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि वायरीला लावला.

घंटी वाजली.

काकांना वाटलं, फळीच बिघडली. साहेबांनी त्यांना दाखवलं. वायरी मुद्दाम उलट्या जोडल्या होत्या, आणि स्विच न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवला होता. दिवा विझतो, पण फेज तसाच जिवंत राहतो. ‘घराघरांत असं सापडतं, काका,’ साहेब म्हणाले. ‘दिवा विझला म्हणजे वीज गेली असं नसतं. मेन बंद करायचा. टेस्टर आधी चालू ठिकाणी लावून बघायचा, तो चालतोय ना. मग वायरीला लावायचा. मग पुन्हा चालू ठिकाणी.’

‘मी चाळीस वर्षं फक्त स्विच बंद केला,’ काका म्हणाले.

‘हो,’ साहेब म्हणाले, आणि काकांना नापास केलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आमची तक्रार अर्धीच खरी होती. आम्ही ‘आम्हाला येतं’ म्हणत होतो, आणि आम्हाला येत नव्हतं. काकांनी महिनाभर रोज दुपारी त्या फळीवर सराव केला. पुढच्या परीक्षेत पास झाले. घरी आले, जेवले, हात धुतले आणि मला म्हणाले, ‘येत नव्हतं तेव्हा चाळीस वर्षं केलं. आता येतं, तर करता येत नाही.’

काका दोन वर्षांपूर्वी गेले. सूट काही त्यांनी पाहिली नाही. आजपर्यंत एकशे चाळीस लोक त्या खोलीतून पास होऊन बाहेर पडलेत. मागे उभे आहेत त्यातले बरेचसे तेच. सगळ्यांना येतं. कुणालाच करता येत नाही.

आता शेवटची गोष्ट सांगते, मग खाली बसते.

दहा-बारा दिवसांपूर्वी एका निवृत्त पोस्टमनकाकांकडून बोलावणं आलं. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला दिवसातून तीनदा कोमट पाण्याने पुसावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हात थरथरतो. गीझर फुटलेला. मी चार वायरमनना फोन केले. सगळ्यात लवकरचा वायदा आठ दिवसांचा.

पोस्टमनकाकांनी मला विचारलं, ‘ताई, तुम्हाला येत नाही का हे?’

‘येतं.’

‘मग?’

‘परवानगी नाही.’

ते म्हणाले, ‘मी अडतीस वर्षं पत्रं वाटली. पत्ता बरोबर आहे, माणूस दारात उभा आहे, तरी पत्र देऊ नका, असं मला कुणी कधी सांगितलं नाही.’ आणि ते गॅसवर पातेलं ठेवायला आत गेले. पातेलं उचलताना त्यांचा हात मला दिसला. आणि मला ती मावशी आठवली.

मी मेन बंद केला. मेनच्या पेटीला माझं कुलूप लावलं. टेस्टर शेजारणीच्या घरी चालू ठिकाणी तपासला, वायरी तपासल्या, टेस्टर पुन्हा तपासला. जुना गीझर काढला, नवा टांगला, पाणी जोडलं, तीन स्क्रू आवळले, अर्थिंग मोजलं. आणि पाचव्या अटीप्रमाणे चिठ्ठी लिहिली. एक पोस्टमनकाकांना दिली. दुसरी घेऊन इथे आले आणि टेस्टरसाहेबांच्या हातात ठेवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. ‘ही मला का दिलीत? दिली नसती तर कुणाला कळलंही नसतं.’

‘अट तुमचीच आहे, साहेब. लपवायचं नाही.’

साहेबांच्या नोकरीचे नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या माणसाने ती चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली असती, नऊ दिवस कुलूप लावलं असतं आणि आज हारतुरे घेतले असते. मला खरं तर तशीच आशा होती. साहेब दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला घेऊन पोस्टमनकाकांच्या घरी हजर. मलाही बोलावलं. गीझर उघडला, सगळं मोजलं, दोनदा मोजलं. मग जेवणाच्या टेबलावर बसले आणि माझ्याकडे पेन मागितलं.

पोस्टमनकाकांनी विचारलं, ‘काम चांगलं झालंय ना, साहेब?’

‘उत्तम झालंय.’

‘मग हे काय लिहिताय?’

‘उत्तम झालंय आणि बेकायदा झालंय. दोन्ही लिहितोय.’

तर मंडळी, मी आज ज्यांच्या सत्काराला उभी आहे, त्यांच्या नोकरीतली शेवटची नोटीस माझ्या पिशवीत आहे. नळकामाचा परवाना एक वर्ष का बंद करू नये, याचं कारण दाखवा. माझ्या दुकानावर तीन घरं चालतात. दोन दिवस मी ती नोटीस पिशवीतून बाहेरही काढली नाही. आठ वर्षं ज्या माणसाबरोबर एका फाईलसाठी चपला झिजवल्या, त्याने जाता जाता माझाच गळा धरावा?

तिसऱ्या दिवशी मी नोटीस शांतपणे वाचली. शेवटचा परिच्छेद पहिल्यांदा रागात वाचायचाच राहिला होता. त्यात लिहिलंय, ‘सदर काम या कार्यालयातील प्रलंबित मसुद्याच्या पाचही अटींनुसार तपासले असता निर्दोष आढळले. सबब, उक्त मसुदा व त्यावरील आजवरचे सर्व शेरे या नोटिशीचा भाग म्हणून सोबत जोडले आहेत.’ आणि खाली नियम दिलाय. अशा नोटिशीची सुनावणी संचालकांनी स्वतः घ्यायची, तीस दिवसांत, आणि निर्णय कारणांसह लेखी द्यायचा.

कारणांसह. लेखी. आठ वर्षांत त्या दीड पानाला कुणी कारण दिलं नव्हतं. नुसते शेरे मारले होते. आता तो मसुदा नोटिशीलाच जोडलाय, म्हणजे त्यालाही उत्तर द्यावं लागणार.

मी साहेबांना जाऊन विचारलं, ‘हे तुम्ही मुद्दाम केलंत का?’ ते म्हणाले, ‘मी जे पाहिलं ते लिहिलं.’ यापलीकडे काही बोलले नाहीत, आणि मला वाटतं आजही बोलणार नाहीत.

अध्यक्ष महोदय, संचालक आपणच आहात, आणि येत्या सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता ती सुनावणी आपल्यापुढे आहे. मी येणार आहे. मावशी येणार आहे, एकेक पायरी थांबत. पोस्टमनकाका म्हणालेत, शेजारीण तासभर बायकोजवळ बसेल, मीही येतो. मागे उभे असलेले हे सगळे येणार आहेत. आपल्या दालनात इतक्या खुर्च्या नसतील, पण आम्हाला उभं राहायची सवय आहे. निर्णय माझ्या विरुद्ध गेला तर मी वर्षभर दुकान बंद ठेवीन, तक्रार करणार नाही. फक्त का, तेवढं लिहून द्या.

टेस्टरसाहेब, तुम्ही आमच्यावर कडक राहिलात, आणि दर रविवारी आलात. तुमच्या निवृत्तीनंतर आमच्यावर कोण कडक राहील, याची मला खरंच काळजी वाटते. वहिनी, तुमचे इतके रविवार आम्ही घेतले, ते परत देता येत नाहीत. मनापासून आभार मानते, तेवढंच हातात आहे. आयोजकांचे आभार, सूत्रसंचालकांचे आभार, दुसरी चिठ्ठी न पाठवल्याबद्दल विशेष आभार.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. बोलण्यातली चूक पदरात घ्या. कामातली चूक असेल तर ती मात्र घेऊ नका, सतरा तारखेला सगळ्यांसमोर दाखवून द्या.